आकाशातून येणारी जुनी गाणी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला बाहेरगावच्या कोणी विदुषी येतात, त्या बोलतात आणि आपण ऐकतो. यंदा चालक भगिनींनी असे ठरविले की आपल्यातल्याच एकीने बोलावे, आणि माझे नाव पुढे केले. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले. भाषणाची सवय नाही, पण घरात बोलावयाची सवय भरपूर आहे. तेव्हा घरात बोलते तशीच येथे बोलणार आहे. विषय कोणता घ्यावा म्हणून विचारले, तर कोणी म्हणाल्या उन्हाळी पदार्थ, कोणी म्हणाल्या बचत गट. या दोन्ही विषयांत माझ्याहून जाणत्या पुष्कळजणी येथे बसल्या आहेत. मी रेडिओवर बोलणार आहे. त्यातही जुन्या गाण्यांच्या त्या रेडिओवर, जो आता खांबावरून वा मनोऱ्यावरून न येता सरळ उपग्रहावरून आपल्या पत्र्यावरच्या डिशमध्ये उतरतो.

हा चैनीचा विषय आहे असे कोणाला वाटेल. आमच्याच घरी तसे वाटले. माझ्या सासूबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणते, त्र्याऐंशीच्या आहेत. डोळ्यांना आता उजेड आणि अंधार एवढेच कळते. दुपारी त्यांना डिशवरचा रेडिओ लावून द्यावा लागतो. टीव्हीचा पडदा रिकामा, आणि त्यातून गाणे चालू. घरातली पुरुषमंडळी म्हणाली, "रिकाम्या पडद्याला वीज कशाला जाळायची? आणि या वयात देवाचं नाव घ्यायचं सोडून सिनेमाची गाणी कशाला?" मी त्या वेळी चार शब्द बोलले, पण हातात पिठाची परात होती, सगळे बोलून झाले नाही. उरलेले आज बोलते. समोर पुरुषमंडळीही मागच्या रांगेत बसली आहेत हे मला दिसते आहे.

आत्याबाईंचे लग्न १९५७ साली झाले. त्या तेव्हा पंधरा वर्षांच्या होत्या. त्याच वर्षी, ऑक्टोबरच्या ३ तारखेला, आकाशवाणीने विविध भारती सुरू केली. त्यामागे मोठी मजेची हकीकत आहे. १९५२ साली नभोवाणीचे मंत्री झाले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. माणूस आपल्या पुण्याचा, शास्त्रीय संगीताचा मोठा अभिमानी. सिनेमाची गाणी म्हणजे हलके काम, त्याने लोकांची रुची बिघडते, असे त्यांचे ठाम मत होते. त्यांच्या कारकिर्दीच्या आरंभी आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ नाहीशी झाली. लोकांनी काय केले? रेडिओची सुई फिरवली आणि सिलोन लावले. त्याच १९५२ साली रेडिओ सिलोनवर अमीन सायानी यांची बिनाका गीतमाला सुरू झाली. एका दातांच्या पेस्टच्या जाहिरातीसाठी काढलेला तो कार्यक्रम, पण त्याच्या दिवशी शहरातल्या इराण्याच्या हॉटेलपुढे माणसे उभी राहून ऐकत. सायानी २०२४च्या फेब्रुवारीत वारले, तेव्हा वर्तमानपत्रांनी हे सगळे पुन्हा छापले होते, तुमच्यातल्या काहीजणींनी वाचले असेल. शेवटी सरकारच्या ध्यानात आले की आपले लोक दुसऱ्या देशाचा रेडिओ ऐकत आहेत, आणि पाच वर्षांनी विविध भारती निघाली. पंडित नरेंद्र शर्मा यांनी तिचे नाव ठेवले. तिच्यावर जाहिराती पुढे १९६७ साली आल्या, आणि त्याही सर्वांत आधी मुंबई, पुणे, नागपूर या आपल्याच केंद्रांवर.

मराठीतही तो काळ असाच भरला होता. पुणे आकाशवाणीने १९५५च्या रामनवमीला गीतरामायण सुरू केले. गदिमांनी लिहावे, सुधीर फडक्यांनी चाल लावावी, आणि दर आठवड्याला नवे गाणे. वर्षभरात छप्पन्न गाणी झाली. पुण्याच्या बायका आंघोळी उरकून, रेडिओला हार घालून बसत असे सांगतात. मुंबई केंद्रावर दुपारी बायकांसाठी वनिता मंडळ नावाचा कार्यक्रम होता. म्हणजे आकाशात गाणी होती, बायकांसाठी कार्यक्रमही होते.

आता मी विचारते, हे सगळे चालू असताना तेरखेड्याच्या घरात आलेली पंधरा वर्षांची सून काय ऐकत होती?

पहाटे जात्याची घरघर. दिवसा शेतातली पाखरे. लग्नसराईत कोणाच्या दारी कर्णा लागला तर लांबून येणारी रेकॉर्ड. आणि येरमाळ्याला येडेश्वरीच्या चैत्री यात्रेत तंबूतला सिनेमा येई, त्याच्या कनातीबाहेरून ऐकू येणारे जे काही असेल ते. आत जावयाचा प्रश्नच नव्हता. त्या काळी रेडिओ ठेवावयाचा तर पोस्टात पैसे भरून त्याचा परवाना काढावा लागे. ज्या घरात मिठाचा हिशेब ठेवीत, त्या घरात गाण्याचा परवाना कोण काढणार?

पुढे ट्रान्झिस्टर आला. आमच्या घरी तो आला १९७४-७५च्या सुमारास. मामंजींनी तो कातडी पिशवीसह आणला आणि ओसरीवरच्या खुंटीला टांगला. बाजारभाव, बातम्या, शेतीचा कार्यक्रम, एवढ्यापुरता तो लागे. बायकांनी त्याला हात लावावयाचा नाही. कोणी बोलून दाखविले नव्हते, पण नियम होता. बातम्यांच्या आधी किंवा मधल्या वेळात एखादे गाणे लागले की आत चुलीपुढे भाकरी थापणाऱ्या आत्याबाईंना ते ऐकू येई. ओळ दोन ओळी झाल्या की मामंजी खुट्कन बंद करीत. सेल खपतो ना! मामंजी वाईट नव्हते. सेल खरोखरच महाग होते आणि बातम्या खरोखरच लागत असत. पण त्याचा परिणाम असा झाला की आत्याबाईंना शेकडो गाण्यांचे तोंड ठाऊक होते आणि एकाचेही शेवट ठाऊक नव्हते.

हे मला कधी कळले, तर २००७ साली. त्यांच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी आम्ही पुण्याला वन्संकडे महिनाभर राहिलो होतो. वन्संच्या यजमानांनी एक निराळाच रेडिओ घेतला होता. वर्ल्डस्पेस त्याचे नाव. डब्याएवढा संच, आणि त्याला वायरीने जोडलेली वहीएवढी चपटी पाटी. ती पाटी खिडकीत आग्नेय दिशेला तोंड करून ठेवावयाची. दिशा चुकली की गाणे गेले. खिडकीच्या आड भिंत आली की गाणे गेले. वन्सं म्हणत, "या खिडकीत कपडे वाळत घालायचे नाहीत, इथं आमचे गाणेवाले बसतात."

ही पाटी एवढी हट्टी का, हे त्या यजमानांनी मला समजावून दिले, आणि मी माझ्या पद्धतीने लक्षात ठेवले. पृथ्वीपासून सुमारे ३६,००० किलोमीटर वर, बरोबर विषुववृत्ताच्या डोक्यावर उपग्रह सोडला, तर तो पृथ्वीबरोबरच फिरतो. जात्याच्या वरच्या तळीवर एका बाजूला खुंटा असतो. त्याच्या समोर एक दाणा चिकटवून ठेवा. जाते कितीही फिरवा, दाणा खुंट्यासमोरच राहणार. तसे आपण खुंट्याजवळ आणि उपग्रह त्या दाण्याच्या जागी. म्हणून एकदा दिशा साधली की बारा महिने पाहावे लागत नाही. गाणे खालून वर जाते आणि वरून खाली येते, सत्तर-बहात्तर हजार किलोमीटरचा फेरा, आणि तो होतो पाव सेकंदात. मधे डोंगर नाही, गाव नाही. म्हणून परभणी-सोलापूर लावताना रात्री जशी खरखर होई, आवाज लांब जाई आणि जवळ येई, तसे त्यात काही नाही. शेजारी बसून कोणी म्हणते आहे असे वाटे.

ही कंपनी १९९० साली अमेरिकेत काढली ती नोआ समारा या गृहस्थांनी. त्यांचा जन्म इथिओपियाचा. ज्या देशांत मनोरे कमी आणि गावे लांब लांब आहेत तेथे रेडिओ पोहोचावा हा त्यांचा मूळ विचार. आफ्रिकेसाठी एक उपग्रह १९९८ साली गेला, आणि आपल्या बाजूसाठी एशियास्टार हा २००० सालच्या मार्चमध्ये. भारतात वर्षाची वर्गणी भरून तो ऐकावयास मिळे. ए. आर. रहमान यांनी त्याच्यासाठी खास धून करून दिली होती. शास्त्रीय गाण्याची वाहिनी वेगळी, भाषांच्या वाहिन्या वेगळ्या, आणि जुन्या हिंदी चित्रपटगीतांची एक वाहिनी, तिचे नाव फरिश्ता.

ऑपरेशननंतर आत्याबाईंच्या डोळ्यांना पट्टी. दिवसभर पडून राहावयाचे. वन्संनी फरिश्ता लावून दिली. पहिले गाणे लागले तसे आत्याबाईंनी ओळखले आणि हसल्या. दुसरी ओळही त्यांच्या ओठांवर आली. मग त्या गप्प झाल्या. गाणे पुढे चालूच राहिले. पहिले कडवे झाले, दुसरे झाले, मधे बासरी झाली, तिसरे कडवे लागले. तेव्हा त्या चाचपडत माझा हात धरून म्हणाल्या, "हे गाणं एवढं मोठं हाय व्हय माय?"

त्या महिन्यात त्यांनी किती गाण्यांचे शेवट ऐकले त्याला हिशेब नाही. जेवणाला हाक मारली तर म्हणत, "थांब, हे सरू दे."

म्हणून भगिनींनो, जुन्या गाण्यांची वाहिनी म्हणजे गेलेल्या दिवसांचा उमाळा, असे जे लोक लिहितात ते मला अर्धेच पटते. ज्याने ती गाणी तेव्हा ऐकली, थिएटरात जाऊन सिनेमा पाहिला, कॉलेजात गुणगुणली, त्याच्यासाठी तो उमाळा असेल. आपल्याकडच्या त्या वयाच्या बायकांसाठी ही मागची बाकी आहे. त्यांच्या तारुण्यातली गाणी त्यांच्या तारुण्यात त्यांच्यापर्यंत आलीच नाहीत. ती आता येत आहेत, पन्नास-साठ वर्षे उशिरा. सावकाराची बाकी असली तर आपण व्याजासह मागतो आणि देतो. येथे तर दुपारचे दोन तास मागितले आहेत.

अमेरिकेत या गोष्टीची मोठीच व्यवस्था आहे. माझ्या जावेचा भाऊ तिकडे असतो, त्याने फोनवर सांगितले. तेथे २००१ साली एक्सएम आणि पुढच्या वर्षी सिरियस अशा दोन कंपन्यांनी उपग्रहावरचा रेडिओ सुरू केला. २००८ साली दोन्ही एक झाल्या. मोटारीतच तो बसविलेला असतो. त्यात एकेका दशकाची वाहिनी वेगळी. आणि सुरुवातीला आकडेही असे ठेवले की विसरावयास नको. १९५०नंतरची गाणी पाच नंबरला, १९६०ची सहाला, १९७०ची सातला. जो ज्या दशकात तरुण होता त्याने तो आकडा दाबावा. मला हे ऐकून हसू आले. आपल्याकडे असे केले तर एका घरात तीन पिढ्यांच्या तीन आकड्यांवरून भांडण लागेल. माझे स्वतःचे आकडे नवाचे. एसटीत आणि लग्नाच्या टेम्पोत वाजणाऱ्या कॅसेटी हे माझे तारुण्य. माझी मुलगी म्हणते, "आई, तुझी गाणी पण आता जुनीच झाली." आणि हेही सांगितले पाहिजे की जुने ते सगळे सोने नव्हे. त्या दशकांतही टुकार गाणी पुष्कळ निघाली. ती गळून गेली आणि चांगली उरली, म्हणून आपल्याला वाटते की तेव्हा सगळेच गोड गात होते.

आता त्या फरिश्ताचे पुढे काय झाले ते ऐका. मूळ कंपनीचा खर्च फार आणि ग्राहक थोडे. २००८च्या ऑक्टोबरमध्ये तिने अमेरिकेच्या कोर्टात दिवाळखोरीचा अर्ज केला. ३१ डिसेंबर २००९ या दिवशी भारतातली सेवा बंद झाली. एका रात्रीत. उपग्रह काही पडला नव्हता, तो होता तेथेच होता. खिडकीतल्या पाट्याही आग्नेयेकडे तोंड करून तशाच बसल्या होत्या. पण वरून येणाऱ्या गाण्याला कंपनीचे कुलूप होते, आणि किल्ली धरणारा हात निघून गेला. ज्यांचे वर्गणीचे दिवस शिल्लक होते त्यांनाही काही ऐकू येईना. देशभर लोकांनी वर्तमानपत्रांकडे पत्रे लिहिली, हळहळ केली. दोष कोणाला द्यावा हे माझ्या बुद्धीबाहेरचे आहे. धंदा चालला नाही, बंद झाला. मला त्यातून एवढेच दिसले की विकत घेतलेल्या आकाशाचा भरवसा दुकानाएवढाच.

तेव्हा आत्याबाई परत ट्रान्झिस्टरवर आल्या. मामंजी तोवर गेले होते. खुंटी तीच होती. पण मध्यम लहरींची केंद्रे दुपारी नीट लागत नाहीत, आणि धाराशिवच्या आकाशवाणीवर आपल्या भागातले कार्यक्रम चांगले असतात, तरी जुनी गाणी त्यांच्या ठरलेल्या वेळीच लागतात.

मग घरावर सरकारी डिश आली. दूरदर्शनची ही फुकटची डिश २००४ साली निघाली, तिला आता फ्री डिश म्हणतात. एकदा डिश आणि डबा घेतला की दरमहा काही भरावे लागत नाही. गावात कितीतरी घरांवर ती आहे. पण त्या डब्यात टीव्हीच्या वाहिन्यांशिवाय आकाशवाणीच्या चाळीसवर रेडिओ वाहिन्याही आहेत, हे किती जणींना ठाऊक आहे? हात वर करा पाहू. बघा, चारच हात. रिमोटवर टीव्ही आणि रेडिओ असे लिहिलेले बटण बहुतेक डब्यांना असते. ते दाबले की रेडिओची यादी येते. त्यात विविध भारती आहे, आणि तिचे भूले बिसरे गीत आहे. ही गाणी आता जीसॅट-१५ या आपल्या देशाच्या उपग्रहावरून येतात. तो २०१५ साली गेला, आणि आपल्या गावातून पाहिले तर त्याचीही दिशा आग्नेयच. आश्चर्य म्हणजे तो एशियास्टार आणि हा जीसॅट, दोन्ही एकाच ठिकाणाहून उडाले, दक्षिण अमेरिकेत फ्रेंच गयाना म्हणून मुलूख आहे तेथल्या कुरू या गावाहून. कोणते गाव कोणाच्या उपयोगी पडेल सांगता येत नाही.

पण फरक आहे. याला वर्गणी नाही आणि कुलूप नाही. सरकारी असल्यामुळे आवाज कधी बारीक, कधी मोठा, निवेदकांची बोलण्याची पद्धत जरा जुनी, एखादे गाणे आठवड्यात तीनदा. ते चालते. विजेचा प्रश्नही मी सोडविला आहे. तसा आमचा लहान टीव्ही जुन्या साठच्या बल्बपेक्षा जास्त वीज खात नाही, पण तेही ऐकून घ्यावयाचे नाही म्हणून मुलाने डब्यामागची लाल आणि पांढरी वायर एका छोट्या स्पीकरला जोडून दिली. पहिल्यांदा टीव्ही लावून वाहिनी निवडावयाची आणि मग टीव्ही बंद. डबा चालू, स्पीकर चालू, पडदा झोपलेला. ज्यांच्या घरी असा वाद असेल त्यांनी करून पाहावे. स्पीकर जुना असला तरी चालतो.

तरुण मुली म्हणतील, एवढे कशाला, मोबाईलवर सगळी गाणी आहेत. आहेत, मी नाही म्हणत नाही. पण मोबाईल आधी विचारतो, कोणते गाणे पाहिजे? आत्याबाईंना नाव ठाऊक असते तर प्रश्नच नव्हता. त्यांच्याजवळ फक्त तोंडची ओळ, तीही अर्धी. शिवाय आपले हात पिठात, शेणात, तेलात. आपल्या गावच्या कितीतरी बायका फटाक्यांच्या कामावर जातात, तेथे तर मोबाईल जवळ बाळगणे धोक्याचे. संध्याकाळी घरी येऊन त्या चूल पेटवितात, तेव्हा बोट फिरवून गाणी निवडीत बसावयास त्यांना वेळ आहे का? रेडिओ काही विचारत नाही. जे आपण विसरलो होतो हेच आपण विसरलेलो असतो, ते तो अचानक पुढे आणून ठेवतो, आणि वर निवेदक सांगतो की गाणे कोणत्या सालचे, कोणी लिहिले, कोणी गायिले. सातवी शिकलेल्या बाईला ही शाळाच आहे. मी आज जी सालवार माहिती सांगितली त्यातली पुष्कळशी अशीच, लसूण सोलता सोलता ऐकलेली.

दुसरा एक डबा बाजारात आहे, सारेगामा कंपनीचा कारवाँ. २०१७ साली निघाला. दिसावयास जुन्या रेडिओसारखा, आत पाच हजार गाणी भरलेली. पुण्या-मुंबईची मुले आईबापांना दिवाळीत तो आणून देतात. चांगली वस्तू आहे, मोठी बटणे आहेत, म्हाताऱ्या माणसाला जमते. पण मला वाटते, मुलांनी तो डबा देऊन वर्षभर फोन करावयाचे विसरू नये.

आता ज्यासाठी मी एवढे लांबण लावले तो मुद्दा.

मागच्या श्रावणात दुपारी विविध भारती चालू होती. आत्याबाई ऐकत होत्या. गाणे संपले, जाहिरात लागली, आणि जाहिरातीच्या मधेच त्या आपल्या मनाने म्हणू लागल्या. मला वाटले आताचेच गाणे असेल. कान दिला तर जात्यावरची ओवी. त्यांच्या आईची. त्यांचा भाऊ त्यांना न्यावयास आला नाही त्या वर्षीची. मी आमच्या घरात सत्तावीस वर्षे आहे, मी ती कधी ऐकली नव्हती. मी येईतो घरात जाते बंद झाले होते, पिठाची गिरणी आली होती, आणि जाते नाही तर ओवी कशाला? मी विचारले, "आत्याबाई, अशा किती येतात?" त्या म्हणाल्या, "मोजल्यात कुनी? दळन सरंस्तवर यायच्या."

दळण सरेपर्यंत! म्हणजे ज्या बाईला सिनेमाच्या एकाही गाण्याचा शेवट मिळाला नाही, तिच्याजवळ स्वतःची गाणी होती, आणि ती तिच्या मर्जीने सुरू होत आणि दळणाबरोबर संपत. कोणी सेल वाचवावयास बंद करीत नव्हते. अमेरिकेत दशकाची वाहिनी असते म्हणून सांगितले. १९५०-६०च्या दशकाची आपल्या गावची खरी वाहिनी म्हणजे ही. ती कोणत्याही उपग्रहावर नाही.

हे काम पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे पण येथेच राहिलेले गी प्वातवाँ या दोघांनी केले आहे. खेडोपाडी हिंडून, बायकांच्या तोंडून ऐकून, त्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. शेजारच्या बीड जिल्ह्यात माजलगावच्या बायकांचे आवाजही त्यांनी टेपवर घेतले आहेत. २०१७ पासून पारी नावाची संस्था त्या ओव्या इंटरनेटवर ठेवीत आहे, ऐकावयास पैसे पडत नाहीत. मी मुलाकडून लावून घेतल्या आणि आत्याबाईंना ऐकविल्या. त्या म्हणाल्या, "ह्या बाईची चाल येगळी हाय. आमची अशी न्हाई." मग त्यांनी त्यांची चाल म्हणून दाखविली. आणि मध्येच अडल्या. पुढचे आठवेना. दोन दिवस त्या त्याच एका ओळीवर अडून बसल्या होत्या. तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकी ताक मागावयास आल्या, त्यांनी सहज पुढची ओळ म्हटली, आणि दोघी मिळून ती ओवी पुरी झाली.

गावात त्या वयाच्या बायका आता किती आहेत? मी आणि चालक भगिनींनी बोटावर मोजल्या, तर अकरा निघाल्या. गेल्या वर्षी चौदा होत्या.

म्हणून अध्यक्षाबाईंच्या परवानगीने मी सुचविते की मंडळाने येत्या पौर्णिमेपासून महिन्यातून एक दुपार या अकराजणींसाठी ठेवावी. भाषणे नकोत, हारतुरे नकोत. त्यांनी म्हणावे आणि आपल्यातल्या मुलींनी मोबाईलवर आवाज भरून घ्यावा. सातवी झालेल्या आम्ही वहीत लिहून घेऊ. कोणाची ओवी, माहेर कोणते, कोणत्या वर्षीची आठवण, एवढे शेजारी लिहावे. एकीला आठवले नाही तर दुसरीला आठवेल, म्हणून एकेकीच्या घरी न जाता सगळ्यांना एकत्र बसविणे बरे. रुसवे-फुगवे होतील, "आमची चाल खरी" म्हणून वाद होतील, ते होऊ द्यावे. तेही भरून घ्यावे. भरलेले एकाच मोबाईलमध्ये ठेवू नये, तीन-चार घरी ठेवावे. किल्ली एका हातात असली की काय होते ते मघाशी सांगितलेच. आणि जमले तर धाराशिवच्या आकाशवाणीला एक पत्र टाकून पाहावे. ते घेतील न घेतील, पत्राला किती पैसे पडतात?

ज्यांच्या घरी म्हाताऱ्या सासवा, आया, चुलत्या असतील त्यांनी सभा संपल्यावर माझ्याकडे नावे द्यावीत. ज्यांना चालता येत नाही त्यांच्यासाठी रिक्षा सांगता येईल. बसावयास आमची ओसरी मोठी आहे. आमचे जाते गोठ्याच्या मागे पडले होते, ते परवा दोघींनी मिळून बाहेर काढून धुतले. खुंटा मात्र कुजला आहे, सुताराकडे नवा सांगितला आहे, तो पौर्णिमेच्या आत देतो म्हणाला. दळावयास ज्वारी मी घालीन, पीठ ज्यांनी दळले त्यांनी न्यावे.